जुन्या मालमोटारीच्या आंसाचें बेअरिंग : क्रमांक आणि माप

खानदेशांतून बाहेर जाणारा शेतमाल आज बहुतांशीं मालमोटारींनींच जातो. रावेर, यावल व चोपडा या तालुक्यांतील केळीं, शहादा भागांतील पपई, जळगांव-धुळें पट्ट्यांतील कापूस, साक्रीकडील कांदा, या साऱ्यांचें भवितव्य चार वा सहा चाकांवर अवलंबून असतें. नवी मालमोटार घेणें सर्वांसच परवडतें असें नाहीं. म्हणून पुष्कळ बागाइतदार एकट्यानें किंवा दोघे-तिघे मिळून दहा-पंधरा वर्षें चाललेली गाडी विकत घेतात आणि ती आपल्या मालापुरती चालवितात. यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु जुन्या गाडीचा एक भाग असा आहे कीं, तो डोळ्यांस दिसत नाहीं, त्याची किंमत गाडींतील मालाच्या मानानें किरकोळ असते, आणि तो चुकीचा बसविला गेला असतां मालच नव्हे तर माणसेंहि जाऊं शकतात. तो भाग म्हणजे आंसावरील बेअरिंग. जुनें बेअरिंग निकामी झाल्यावर त्याच्या जागीं नेमकें योग्य तेंच नवें कसें शोधून काढावें, एवढाच विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा योजिला आहे.

आंस, हब आणि बेअरिंग

बैलगाडीचा आंस व तुंबा आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत. आंस स्थिर राहतो, त्याभोंवतीं तुंबा फिरतो, आणि मध्यें वंगण नसलें तर गाडी कुरकुरूं लागते. मालमोटारींत तुंब्याचें काम हब करतें. हबावर चाक व ब्रेकचा ड्रम बसविलेला असतो. पुढील चाकाचें हब ज्या टोकावर फिरतें, त्यास कारागीर स्टब एक्सल म्हणतात. मागील हब आंसाच्या जाड पोलादी नळीवर फिरतें, आणि चाकास गति देणारा दांडा त्या नळीच्या पोटांतून येतो. मोठ्या मालमोटारींत हा आंतला दांडा केवळ चाक फिरवितो; मालाचें ओझें सोसण्याचें काम नळी व तिच्यावरील दोन बेअरिंगें करतात. त्यामुळें दांडा शाबूत असला तरी बेअरिंग गेलें कीं चाकाचा आधार गेला, हें ध्यानांत ठेवावें.

या जागीं बहुधा तिरप्या रुळांचें बेअरिंग वापरतात. त्यांतील प्रत्येक रूळ एका टोकास जाड व दुसऱ्या टोकास किंचित् बारीक असतो. अशा बांधणीमुळें वरून येणारें ओझें व गाडी वळतांना येणारा आडवा दाब हे दोन्ही एकाच बेअरिंगास सोसतां येतात. अमेरिकेंत सेंट लुई येथें घोडागाड्या बांधणारे हेन्री टिम्केन यांनीं अशा बेअरिंगाचें पेटंट १८९८ सालीं मिळविलें. म्हणजे आज ज्यावर मालमोटार चालते तें साधन मुळांत जनावरांच्या गाडीकरितांच निघालें.

या बेअरिंगाचे दोन भाग सुटे होतात. आंतील कडें, त्यावरील रूळ व रूळ धरून ठेवणारा पिंजरा मिळून एक भाग होतो. त्यास दुकानांत ‘कोन’ म्हणतात. भूमितींतील कोनाशीं या शब्दाचा संबंध नाहीं. बाहेरील कडें हा दुसरा भाग. त्यास ‘कप’ म्हणतात. कप हबामध्यें घट्ट ठोकलेला असतो व हबाबरोबर फिरतो. कोन आंसावर बहुधा हातानें सरकेल इतपतच बसतो. एका हबांत अशा दोन जोड्या समोरासमोर तोंड करून बसविलेल्या असतात, आणि आंतली जोडी बहुधा बाहेरच्या जोडीहून मोठी असते. तेव्हां ‘एका चाकाचें बेअरिंग द्या’ एवढें म्हणणें अपुरें आहे. आंतलें कीं बाहेरचें, हें सांगावेंच लागतें.

बेअरिंग गेल्याचीं लक्षणें

मोकळ्या रस्त्यावर एका चाकाकडून घरघर येऊं लागली आणि वळणावर ती वाढली किंवा कमी झाली, तर संशय धरावा. आठ-दहा मैल चालून गाडी उभी केल्यावर चारहि हबांजवळ हाताचा मागचा भाग न्यावा. तीन हबें कोमट आणि एक चटका देण्याइतकें तापलेलें असेल, तर तेथें ब्रेक अडकत आहे किंवा बेअरिंग बिघडलें आहे. जॅक लावून चाक उचलावें, गाडीखालीं भक्कम टेकू द्यावा, आणि चाक वरखालीं धरून हलवून पाहावें. खडखड हालचाल झाली किंवा हातानें फिरवितांना खरखर जाणवली, तर हब उघडण्यास दिरंगाई करूं नये.

आपल्या प्रांतीं हा बिघाड लवकर होण्यास दोन कारणें आहेत. पावसाळ्यांत काळ्या जमिनीचा चिखल व नाल्याचें पाणी हबांत शिरतें. मग ग्रीस पांढुरकें पडून त्याचा बुळबुळीतपणा जातो आणि पोलादास गंज चढतो. उन्हाळ्यांत वैशाखाच्या उन्हांत बारीक धूळ जुन्या सिलांतून आंत जाते आणि सहाणेप्रमाणें रूळ घासून काढते.

नांवावरून बेअरिंग कां घेऊं नये

हब उघडल्यावर बहुतेक लोक दुकानीं जाऊन गाडीचें नांव सांगतात आणि दुकानदार देईल तें घेऊन येतात. नव्या गाडीस हें कदाचित् चालेल. जुन्या गाडीस तें धोक्याचें आहे, आणि त्याचीं कारणें तीन.

पहिलें कारण असें कीं, नांव तेंच राहतें व अवयव बदलतात. उदाहरणार्थ, टाटा ४०७ हें नांव १९८६ सालापासून चालत आलें आहे. इतक्या वर्षांत त्या नांवाच्या प्रत्येक गाडीचा प्रत्येक अवयव एकसारखाच राहिला असेल, असें गृहीत धरणें शहाणपणाचें नव्हे.

दुसरें कारण मापाच्या घराण्यांचें आहे. जमशेदपूरच्या टेल्को कंपनीनें जर्मनीच्या डायम्लर-बेंझ कंपनीशीं करार करून १९५४ पासून मालमोटारी बांधल्या. तो करार १९६९ सालीं संपला. मुंबईंत कुर्ला येथें प्रीमियर कंपनीनें अमेरिकन पद्धतीच्या डॉज व फार्गो गाड्या बांधल्या, आणि मद्रासेकडील अशोक लेलँडच्या गाड्यांचें मूळ इंग्लंडांतील लेलँड कंपनींत आहे. जर्मनीकडून आलेलें माप मिलिमीटरांचें, तर अमेरिका व इंग्लंडकडून आलेलें इंचांचें. पुढें हीं मापें इतकीं मिसळलीं कीं, मिलिमीटरांच्या गाडींतहि इंची बेअरिंग सांपडतें. त्यामुळें गाडीच्या नांवावरून माप ठरवितां येत नाहीं.

तिसरें कारण सर्वांत महत्त्वाचें. जुनी गाडी अनेक हातांतून गेलेली असते. मागच्या मालकानें भंगार बाजारांतून दुसऱ्या गाडीचा आंस आणून बसविला असेल, अथवा हब एका गाडीचें व ड्रम दुसरीचा असेल. आर. सी. बुकांत याची नोंद बहुधा नसते.

आम्ही महसूल खात्यांत पुष्कळ वर्षें कारकुनी केली, म्हणून आमच्या परिचयाचाच दाखला देतों. गांवांत शेतांस नांवें असतात. ‘चिंचेचें शेत’ म्हणतात; चिंच पडून तीस वर्षें लोटलेलीं असतात, तरी नांव कायम राहतें. खरेदीखत करतेवेळीं मात्र हें नांव उपयोगीं पडत नाहीं. तेथें गट नंबर लागतो. आणि गट नंबर लिहिला तरी बांधाचा तंटा असेल तर मोजणी करून हद्द कायम करावी लागते. बेअरिंगाचेंहि तसेंच आहे. गाडीचें नांव हें चिंचेच्या शेतासारखें समजावें. बेअरिंगावरील क्रमांक हा गट नंबर, आणि आंस व हब यांचें माप ही मोजणी. मागच्या मालकानें परभारें केलेला बदल म्हणजे नोंद न झालेला फेरफार होय. तो कागदावर सांपडत नाहीं. जागेवर जाऊनच पाहावा लागतो.

क्रमांक कसा वाचावा

जुनें बेअरिंग काढल्याबरोबर फेंकून देऊं नये. कितीहि तुटलेलें असलें तरी कोन व कप हे दोन्ही जपून ठेवावे. रॉकेलांत किंवा डिझेलांत धुऊन कोरडे पुसावे. कड्याच्या बाजूच्या सपाट पट्टीवर कारखान्याचें नांव व क्रमांक कोरलेला असतो. अक्षरें पुसट असल्यास पट्टीवर खडू घांसून वरचेवर पुसावें. खोलगट अक्षरांत खडू राहून तीं दिसूं लागतात. मग मोबाइल फोनवर छायाचित्र घ्यावें. कोनावरचा व कपावरचा असे दोन्ही क्रमांक टिपावे. बेअरिंगावरील आंकडे इंग्रजी असतात. या लेखांत ते मराठींत दिले आहेत.

मिलिमीटरी बेअरिंगाचा क्रमांक बहुधा पांच आंकड्यांचा असतो. अखेरच्या दोन आंकड्यांस पांचानें गुणलें असतां आंतल्या भोंकाचा व्यास मिलिमीटरांत निघतो. ३०२१० या क्रमांकांत अखेरीस १० आहेत. म्हणून भोंक ५० मिलिमीटर. ३०२०५ असल्यास २५ मिलिमीटर. हा नियम ०४ व त्यापुढील आंकड्यांस लागू आहे, आणि मालमोटारीच्या आंसास लागणारीं बेअरिंगें त्यांतच येतात. पहिले तीन आंकडे रुळांची जात, रुंदी व बाहेरील व्यास यांची मालिका सांगतात. भोंक ५० मिलिमीटरच असलेल्या चार बेअरिंगांचें उदाहरण घेऊं. ३०२१० याचा बाहेरील व्यास ९० व एकूण रुंदी २१.७५ मिलिमीटर. ३२२१० याचा बाहेरील व्यास ९० च, पण रुंदी २४.७५. ३०३१० याचा बाहेरील व्यास ११० व रुंदी २९.२५. ३२३१० याचाहि बाहेरील व्यास ११०, परंतु रुंदी ४२.२५. आंस एकच, तरी त्यावर चढणारीं बेअरिंगें चार. यावरून, केवळ ‘पन्नासच्या आंसाचें द्या’ असें सांगणाऱ्याची काय गत होईल, हें वाचकांनींच पाहावें.

क्रमांकाच्या मागें-पुढें अक्षरें असतात. त्यांपैकीं कांहीं अक्षरें त्या त्या कारखान्याच्या आंतल्या बांधणीचीं असून निरनिराळ्या कारखान्यांत निरनिराळीं असतात. अक्षर वेगळें म्हणजे बेअरिंग चुकीचेंच, असें नव्हे. पण तें अक्षर काय सांगतें हें दुकानदाराकडून सूचीपुस्तकांत पाहवून घ्यावें. लहान टेंपो व जीपगाड्यांच्या मागील आंसास कधीं छऱ्यांचें बेअरिंग असतें. तेथें अक्षरांचें महत्त्व फार. उदाहरणार्थ, कड्यास दोन्ही बाजूंनीं झांकण आहे कीं उघडें, आणि बाहेरील कड्यावर खांच आहे कीं नाहीं, हें अक्षरांवरूनच कळतें.

इंची बेअरिंगाची रीत वेगळी आहे. त्यांत कोनास एक क्रमांक व कपास दुसरा असतो, आणि आंकड्यांवरून व्यास काढतां येत नाहीं. एल. एम. ६७०४८ हा कोन आणि एल. एम. ६७०१० हा कप मिळून एक जोडी होते. तिचें भोंक ३१.७५ मिलिमीटर, म्हणजे बरोबर सव्वा इंच. येथें एक मोठा खांचखळगा आहे. एकाच कपांत निरनिराळ्या भोंकांचे कोन बसतात. २५५२० या क्रमांकाच्या कपांत २५५८० हा कोन बसतो आणि २५५९० हाहि बसतो. पहिल्याचें भोंक ४४.४५ मिलिमीटर, म्हणजे पावणेदोन इंच, दुसऱ्याचें ४५.६१८. फरक एका मिलिमीटराहून किंचित् अधिक. दोन्ही कोन शेजारीं ठेवले तर डोळ्यांस एकसारखे दिसतात. पण लहान आंसावर मोठ्या भोंकाचा कोन चढविला तर तो सैल राहून आंसावर गरगर फिरूं लागतो आणि आंसच खाऊन टाकतो. म्हणून केवळ कपाचा क्रमांक घेऊन दुकानांत जाणें म्हणजे एका बाजूची चतुःसीमा सांगून शेत मागण्यासारखें आहे.

माप कसें घ्यावें

क्रमांक मिळाला तरी माप घ्यावेंच. कारण आपण काढलेलें बेअरिंगच मागच्या कारागिरानें चुकीचें बसविलेलें असूं शकतें. तें लवकर गेलें, याचें कारणहि कदाचित् तेंच असेल. मापास व्हर्निअर कॅलिपर लागतो. फूटपट्टी किंवा शिंप्याची फीत येथें निरुपयोगी होय. मापें पांच घ्यावीं : आंसावर कोन बसतो त्या जागेचा व्यास, हबांत कप बसतो त्या भोंकाचा व्यास, जुन्या कोनाचें भोंक, कपाचा बाहेरील व्यास, आणि कोन कपांत बसवून दोहोंची मिळून एकूण रुंदी. आंसाचा व्यास दोन दिशांनीं घ्यावा, म्हणजे झीज असल्यास कळेल. कप हबांतून ठोकून काढण्यापूर्वीं तो हबाच्या पायरीवर नीट टेकला होता कीं नाहीं, हेंहि पाहावें.

क्रमांक व माप जुळलें म्हणजे आपण योग्य वाटेवर आहोंत. न जुळल्यास गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला चासी नंबर घेऊन कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे जावें व सुट्या भागांच्या सूचींत त्या नंबराच्या गाडीस कोणता भाग होता तें पाहावें. सूची, क्रमांक व माप या तिघांपैकीं दोघांचें एकमत होईपर्यंत पैसा देऊं नये. आणि आंस भंगारांतून आलेला असेल, तर सूचीपेक्षां मापाचेंच म्हणणें खरें मानावें.

मग माप घेतलें असतां क्रमांकाचें काय काम, असा प्रश्न कोणी करील. त्याचें उत्तर ३०३१० आणि ३१३१० या दोन बेअरिंगांत आहे. दोहोंचें भोंक ५०, बाहेरील व्यास ११० व एकूण रुंदी २९.२५ मिलिमीटर, केसाचाहि फरक नाहीं. तथापि पहिल्याचे रूळ थोडे कललेले आणि दुसऱ्याचे फारच कललेले असतात. पहिलें वरून येणाऱ्या ओझ्याकरितां अधिक योग्य, दुसरें आडव्या दाबाकरितां. एकाच्या जागीं दुसरें विनातक्रार बसतें, पण तें त्या कामाचें नव्हे. माप नसेल तर क्रमांक फसवितो, आणि क्रमांक नसेल तर माप फसवितें. दोन्ही हातांत असावींत.

तीन मिलिमीटरांनीं काय होतें

चुकीचें बेअरिंग बसणारच नाहीं, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खरी असती तर हा लेख लिहिण्याचें कारण नव्हतें. समजा, एका बागाइतदाराच्या गाडीच्या हबांत आंतल्या बाजूस ३२२१० पाहिजे होतें आणि दुकानांत तें नसल्यामुळें ३०२१० घालून दिलें. आंसावर तें चढलें, हबांत कप घट्ट बसला, चाक फिरलें. फरक काय तो रुंदींत तीन मिलिमीटरांचा. पण त्या तीन मिलिमीटरांनीं सबंध हब आंत सरकतें. सिलाचा ओठ आपली जागा सोडून भलतीकडे घासूं लागतो, ड्रमाची कड मागील पत्र्यास लागूं शकते, आणि आंखूड रुळांवर पहिल्याइतकेंच ओझें पडतें. उलट, रुंद बेअरिंग घातलें तर हब बाहेर येतें, नटास पुरेसे आटे मिळत नाहींत आणि कुलूप-वॉशर नीट बसत नाहीं.

अशी गाडी चोपड्याहून केळीं भरून धुळ्यावरून सुरतेकडे निघाली. सपाटीवर कांहीं जाणवत नाहीं. साक्री मागें टाकून ती कोंडाईबारीचा घाट उतरूं लागते. ब्रेक तापतात, त्यांची उष्णता हबांत शिरते, ग्रीस पातळ होऊन फाटलेल्या सिलांतून ब्रेकच्या अस्तरावर उतरतें. ब्रेक निसटूं लागतो आणि कोरडे झालेले रूळ तापून कड्यास चिकटतात. मग कोन आंसाबरोबर घासून आंस कापूं लागतो, नट सुटतो किंवा तुटतो, आणि अखेरीस चाक हबासह बाहेर पडतें. त्या वेळीं समोरून कोण येत असेल, तें कोणाच्या हातीं नसतें. आणि सुदैवानें गाडी कडेला टेकून थांबली तरी कापलेला घड कोणाची वाट पाहत नाहीं; मे महिन्याच्या उन्हांत रस्त्यावर गेलेला एक दिवस व्यापाऱ्याच्या तोंडून भावांत वसूल केला जातो. बेअरिंगांत वांचविलेली रक्कम व हें नुकसान यांची तुलनाच होऊं शकत नाहीं.

खरेदी करतांना

बेअरिंगें तयार करणारे नामांकित कारखाने आपल्या देशांत आहेत. जयपूरच्या एन. बी. सी. या नांवाचा पाया १९४६ सालीं घातला गेला. पुण्याजवळ चिंचवड येथें एस. के. एफ. चा कारखाना आहे; आणि एन. आर. बी. चा एक कारखाना आपल्या शेजारच्या मराठवाड्यांत जालना येथें आहे. कारखाना कोणताहि असो, मान्य मापाचा क्रमांक एकच असतो. म्हणून एका कारखान्याचें न मिळाल्यास त्याच क्रमांकाचें दुसऱ्याचें घेण्यास हरकत नाहीं. मात्र कोन एका कारखान्याचा व कप दुसऱ्याचा असा मेळ घालूं नये. तसेंच कोन नवा व कप जुना ठेवूं नये; जुन्या कपावरील अदृश्य चरे नव्या रुळांस थोडक्यांत खातात.

नामांकित नांवांचीं बनावट बेअरिंगें बाजारांत येतात. खोक्याची छपाई पुसट, अक्षरें वांकडीं, खोक्यावरील व बेअरिंगावरील क्रमांक निराळे, तेलाचा वास नाहीं, भाव मात्र निम्मा, असें दिसल्यास तें परत करावें. कांहीं कारखान्यांनीं खोक्यावरील खूण मोबाइल फोनवर तपासण्याची सोय केली आहे, ती वापरावी. बिलावर कारखान्याचें नांव व पूर्ण क्रमांक लिहून घ्यावा. ‘बेअरिंग एक नग’ असें बिल म्हणजे कोरा कागदच. बेअरिंगाबरोबर नवें सील व कुलूप-वॉशर घेण्यास विसरूं नये. आणि दुकानदारानें ‘हें नाहीं, पण हें चालून जाईल’ असें म्हटलें, तर त्यास कोणत्या मापांत किती फरक आहे एवढें विचारावें. उत्तर आंकड्यांत आलें नाहीं तर गाडी एक दिवस अधिक उभी ठेवावी.

बसविण्याविषयीं थोडें

योग्य बेअरिंग चुकीच्या रीतीनें बसविलें तर सर्व शोध व्यर्थ होतो. हब व आंस धुऊन, पुसून कोरडा करावा. कप हबांत चारहि अंगांनीं सारखा जाऊन पायरीवर टेकला पाहिजे. त्यास पितळी सळईनें ठोकावें, हातोडा थेट लावूं नये. कप हबांत सैल असेल तर कांहीं कारागीर हबाच्या आंतून पंच मारून खड्डे पाडतात व कप घट्ट झाल्याचें दाखवितात. हा उपाय चार दिवसांचा होय. तेथें हब बदलावें किंवा चांगल्या लेथवर दुरुस्त करवावें. धुतलेलें बेअरिंग हवेच्या झोतानें फिरवूं नये. कंपनीनें सांगितलेलें ग्रीस रुळांच्या आंतपर्यंत हातानें दाबून भरावें. दोन जातींचें ग्रीस मिसळूं नये, आणि हबाचें पोटहि गच्च भरूं नये.

नट आवळणें हें खरें कसब आहे. हब फिरवीत फिरवीत नट आवळावा म्हणजे रूळ आपापल्या जागीं बसतात. मग कंपनीच्या सूचनेप्रमाणें तो थोडा मागें फिरवून कुलूप लावावें. आंसाच्या दिशेनें हबांत राहणारी ढील साधारणतः ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटर असावी. ती डायल गेजनें पाहतात. नट फार आवळला तर बेअरिंग जळतें, फार ढिला राहिला तर ठोकरा खाऊन फुटतें. काम झाल्यावर रिकामी गाडी दहा-बारा मैल चालवून हब हातानें पाहावें, आणि पहिल्या भरलेल्या खेपेनंतर चाक उचलून पुन्हां तपासावें. मगच गाडी लांबच्या वाटेस लावावी.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीस हाच नियम

ज्यांच्याकडे मालमोटार नाहीं, पण ट्रॅक्टरची ट्रॉली आहे, त्यांसहि वरील विवेचन लागू आहे. किंबहुना अधिकच लागू आहे. गांवच्या कारखान्यांत बांधलेल्या ट्रॉलीस पुष्कळदां जुन्या मालमोटारीचा आंस घालतात. तिला ना सूची, ना चासी नंबराचा आधार. तेथें बेअरिंगावरील क्रमांक आणि कॅलिपरचें माप हे दोनच साक्षीदार. म्हणून ट्रॉली नवी घेतेवेळींच हब उघडवून चारहि जोड्यांचे क्रमांक लिहून घ्यावे.

याकरितां आमची शेतकरी बंधूंस एक सूचना आहे. सातबारा जसा आपण पेटींत जपून ठेवतों, तशी प्रत्येक गाडीची एक वही ठेवावी. तींत चाकाची जागा, आंतलें कीं बाहेरचें, कोनाचा क्रमांक, कपाचा क्रमांक, पांच मापें, सिलाचा क्रमांक, बसविल्याची तारीख व त्या दिवशींचे किलोमीटर एवढें लिहावें. गाडी विकल्यास वही नव्या मालकास द्यावी. आठ वर्षांवरील मालमोटारीस दरसाल योग्यता प्रमाणपत्र घ्यावें लागतेंच. त्या वेळीं चाकें उचलून हबें पाहण्याचा परिपाठ ठेवल्यास वेगळा दिवस मोडत नाहीं. सोसायटीच्या सभासदांपैकीं चार-पांच जणांनीं मिळून एक चांगला व्हर्निअर कॅलिपर विकत घ्यावा आणि तो पाळीपाळीनें वापरावा. केळींचा घड कापण्यापूर्वीं आपण त्याची भरण पाहतों, कापूस विकण्यापूर्वीं त्याची ओल पाहतों. तो माल ज्या आंसावर जाणार त्याचा क्रमांक व माप पाहणें हेंहि शेतीचेंच काम आहे.